लोखंडी टोपी घेताय? आधी चुंबक खिशात ठेवा! : जुन्या लष्करी हेल्मेटचा धंदा आणि माझे बुडालेले साडेसोळा हजार



मागच्या व्हिडिओत मी दुकानातली कंदिलाची रॅक दाखवली होती. तिच्या वरच्या फळीवर चार हिरवी लोखंडी हेल्मेट होती आणि प्रत्येकाला पिवळं लेबल होतं, "नक्कल – भाड्याने मिळेल". बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, मिल्ट्रीच्या हेल्मेटला गिऱ्हाईक असतं का? आम्ही पण सुरू करू का?"

गिऱ्हाईक असतं. पण त्या चार हेल्मेटांनी मला जे शिकवलं, ते बीबीएच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आज आधी माझी चूक सांगतो, मग ओळखायचं कसं ते सांगतो, आणि शेवटी हिशोब. घाई असेल तरी हिशोबावर उडी मारू नका. ओळख नसेल तर हिशोब जुळतच नाही.

गुरुजी आणि साडेसात हजारांचं हेल्मेट

यवतमाळात माझं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पितळी भांडी, भिंतीवरची घड्याळं, ग्रामोफोन, रेल्वेचे कंदील. शकुंतला बंद पडल्यापासून तर "शकुंतलेचा कंदील आहे का" म्हणून विचारणारे वाढलेच आहेत. असाच एक दिवस दारव्ह्याकडचे एक रिटायर्ड गुरुजी आले. कंदील पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, "बाबा दुसऱ्या महायुद्धात होते. महार रेजिमेंट. कामठीला भरती झाले, तिथून बर्मात गेले. त्यांचं मेडल आहे घरी. त्यांच्यासारखं हेल्मेट मिळालं तर शोकेसमध्ये मेडलच्या बाजूला ठेवीन म्हणतो."

थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याच भागाचा आहे. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि दुसरी १९४२ मध्ये कामठीला, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारी. त्याच युद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं इटलीत लढत होती. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ च्या आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ च्या तिथल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यामुळे महाराष्ट्रात अशी घरं पुष्कळ आहेत, जिथे आजोबांचा फोटो आहे, मेडल आहे, पण हेल्मेट नाही. हेल्मेट सरकारी किट असायचं, ते जमा करून घरी यावं लागे. म्हणजे मागणी खरी आहे, आणि तिच्यामागे भावना आहे. नेमकं इथेच फसवणूक सोपी जाते.

मोठ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून मी हेल्मेट मागवलं. तो फोनवर म्हणाला, "एकदम ओरिजनल, बर्मा फ्रंटचं." आत १९४२ चा ठसा होता, वरून गंज होता. साडेचार हजारांना घेतलं आणि गुरुजींना साडेसात हजारांना दिलं. वर "बर्मा फ्रंटचं" हे वाक्यही जसंच्या तसं दिलं. गुरुजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं होतं, हे मला आजही आठवतं.

मी खूश. लगेच त्याच व्यापाऱ्याकडून आणखी तीन मागवली, चार हजाराला एक. पार्सल फोडून तिन्ही टेबलावर ओळीने ठेवली आणि पोटात गोळा आला. तिन्हींत १९४२ चा ठसा एकाच जागी, आणि शेवटचा आकडा तिन्हींत सारखाच वाकडा. गंजाचे डागही सारखेच. पट्ट्याच्या कड्या रिव्हेट केलेल्या नव्हत्या, स्पॉट वेल्डिंगने चिकटवल्या होत्या. एक वेळ एक हेल्मेट बोलत नाही. तीन एकत्र ठेवली की बोलतात.

आता दोनच रस्ते होते. गप्प बसायचं, कारण गुरुजींना कधीच कळलं नसतं. नाहीतर दारव्ह्याला जायचं. बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मेडलच्या बाजूला ठेवलं असेल ना त्यांनी?" दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन गेलो. गुरुजी रागावले नाहीत. पैसे मोजूनही घेतले नाहीत. फक्त विचारलं, "मग खरं कसं असते?"

मला उत्तर देता आलं नाही. जी वस्तू मी विकली होती, तिच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. पुढचे आठ महिने मी ते उत्तर शोधत होतो. ते खाली देतो.

आकारावरून घराणं ओळखा

कुठलंही हेल्मेट हातात घेतलं की आधी आकार बघा. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धातली घराणी मोजकीच आहेत.

१. थाळीसारखं, रुंद कडेचं – ब्रिटिश. उलट्या घमेल्यासारखं दिसतं. जॉन ब्रॉडी याने १९१५ मध्ये याचं पेटंट घेतलं. आकाशातून पडणाऱ्या बॉम्बगोळ्यांच्या तुकड्यांपासून डोकं आणि खांदे वाचावेत, म्हणून कड रुंद. अगदी सुरुवातीच्या नगांची कड उघडी असायची. १९१६ पासूनच्या मार्क वनला कडेवर पट्टी आली. दुसऱ्या महायुद्धात मार्क टू वापरात होतं. आपले सैनिक हेच घालत. त्या काळात ते भारतातही बनलं. स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्यात अशी हेल्मेट बरीच वर्षं होती. आपल्याकडे खरं काही सापडलंच, तर याच घराण्यातलं सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

२. कासवाच्या पाठीसारखं – ब्रिटिश मार्क थ्री. हे १९४४ मध्ये आलं. कड अरुंद, बाजू खोल.

३. वर तुरा असलेलं – फ्रेंच एड्रियन. हेही १९१५ चं. पत्रा पातळ, वेगवेगळे भाग जोडून केलेलं, माथ्यावर पुढून मागे जाणारी पट्टी.

४. कान आणि मान झाकणारं – जर्मन. १९१६ पासूनचं. पहिल्या महायुद्धातल्या नगाला दोन्ही बाजूंना शिंगासारखे छोटे खुंट असतात. नंतरचे तीन प्रकार असे: १९३५ च्या मॉडेलमध्ये हवेच्या भोकाला वेगळी रिंग बसवलेली, १९४० च्या मॉडेलमध्ये ते भोक पत्र्यातच दाबून केलेलं, १९४२ च्या मॉडेलची कड न दुमडलेली. जगात सगळ्यात जास्त नकला याच घराण्याच्या होतात. नवीन माणसाने याच्या वाटेला जाऊच नये.

५. दोन टोप्या एकात एक – अमेरिकन एम वन. १९४१ पासूनचं. बाहेर पोलादी कवच, आत वेगळं निघणारं अस्तर. कडेच्या पट्टीचा जोड आधी समोर असायचा, १९४४ च्या शेवटी तो मागे गेला. जोड कुठे आहे यावरून काळाचा अंदाज येतो.

६. घुमटासारखं, समोर तारा – जपानी. बर्माच्या युद्धात समोरच्या बाजूला हेच होतं.

चुंबकाची परीक्षा

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही. मी दहा रुपयांच्या चुंबकावर शिकलो.

ब्रिटिश लढाऊ हेल्मेट मँगनीज पोलादाचं असतं. रॉबर्ट हॅडफिल्ड या शेफिल्डच्या माणसाने शोधलेलं पोलाद. यात सुमारे १२ टक्के मँगनीज असतं. गंमत म्हणजे हे पोलाद असूनही त्याला चुंबक चिकटत नाही. फार तर अगदी हलकी ओढ जाणवते. साध्या लोखंडी पत्र्याला मात्र चुंबक टक्कन चिकटतो.

परीक्षा घेताना कड, कड्या आणि स्क्रू सोडून मधल्या पत्र्यावर चुंबक लावा, कारण ते भाग वेगळ्या धातूचे असू शकतात. माझ्या चारही नगांना चुंबक असा चिकटला की ओढून काढावा लागला.

पण थांबा! चुंबक चिकटला म्हणजे नकली, असा नियम करू नका. जर्मन आणि फ्रेंच हेल्मेटला चुंबक चिकटतोच. युद्धकाळात हवाई हल्ल्यापासून बचावाचं काम करणाऱ्या नागरिकांसाठी साध्या पोलादाचीही हेल्मेट बनली. तीही खरीच, पण लढाईची नाहीत. अशा कमी दर्जाच्या ब्रिटिश नगांच्या कडेला ओळखीसाठी बारीक भोकं पाडलेली असत. दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या मार्क टूलाही कडेच्या मागच्या बाजूला तीन भोकं असतात, पण त्यांचं कारण वेगळं, मानेवरचा पडदा लावण्यासाठी. थोडक्यात, चुंबक "खरं की खोटं" सांगत नाही. विकणारा जे सांगतोय ते जुळतं का, एवढं सांगतो. "ब्रिटिश, फ्रंटवरचं" म्हणतोय आणि चुंबक टक्कन चिकटला, तर तिथेच थांबा.

चुंबकानंतर हे पाच तपासा

वजन. थाळीचं हेल्मेट एक किलोच्या आसपास भरतं. छोटा वजनकाटा सोबत ठेवा. ५००–६०० ग्रॅम भरलं तर तो नाटकाचा पत्रा आहे.

ठसा. कडेच्या खालच्या बाजूला बनवणाऱ्याची अक्षरं आणि वर्ष असतं. ब्रिटिश मार्क टूवर बीएमबी म्हणजे ब्रिग्ज मोटर बॉडीज, जेएसएस म्हणजे जोसेफ सँकी अँड सन्स. खरा ठसा पत्र्यात दाबलेला असतो, त्याच्यावर रंग चढलेला असतो. रंग फोडून मारलेला ठसा नंतरचा.

कड्या. मार्क टूच्या पट्ट्याच्या कड्या रिव्हेटने बसवलेल्या असतात. बाहेरून दोन्ही बाजूंना रिव्हेटचं डोकं दिसायला हवं.

आतली गादी. मार्क टूच्या माथ्यावर एक स्क्रू असतो, त्यावर आतली मेणकापडाची गादी बसते. आत नवा फोम किंवा नायलॉनचा पट्टा दिसला तर निदान आतला भाग तरी बदललेला आहे. इथे एक अपवाद लक्षात ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या जुन्या कवचांत ब्रिटिशांनी स्वतःच नंतर नवी गादी बसवली होती. म्हणून कवच आणि गादी वेगवेगळ्या काळातली दिसली तरी लगेच नकली म्हणू नका. दोन्हींची नोंद वेगवेगळी करा.

गंज आणि रंग. खरा गंज रिव्हेटभोवती, कडेच्या दुमडीत, घाम साचतो तिथे बसतो. मीठपाणी किंवा ॲसिड मारून आणलेला गंज सगळीकडे सारखा असतो. खऱ्या हेल्मेटवर रंगाचे एकावर एक थर असू शकतात, कारण सैन्यात ते पुन्हा पुन्हा रंगवलं जाई. खाकीवर हिरवा दिसला तर घाबरू नका. तो त्या हेल्मेटचा इतिहास आहे.

भंगारवाल्याकडची ऑइलची वाटी

आता गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर कसं सापडलं ते सांगतो. वणीकडे जुन्या पंपसेटचे पार्ट घेणाऱ्या एका भंगारवाल्याकडे मी पितळ बघायला गेलो होतो. जळकं ऑइल काढायला त्याने खाली एक काळी, रुंद कडेची वाटी ठेवली होती. आकार ओळखीचा वाटला. ऑइल ओतून पुसली, चुंबक लावला. चिकटला नाही. कडेखाली ठसा होता, अर्धा रंगाने भरलेला. कड्यांचे रिव्हेट जागेवर होते. गादी केव्हाच गेली होती.

"कितीले देता?" मी विचारलं.

"घेऊन जा ना बाप्पा. शंभर रुपये द्या."

इथे तुम्हाला एक प्रश्न विचारतो. तुम्ही काय केलं असतं? शंभर रुपये देऊन निघाला असता तर कायद्याने काहीच चूक नव्हती. मी त्याला हेल्मेट काय आहे ते सांगितलं आणि दीड हजार दिले. फार मोठेपणा म्हणून नाही. तो भंगारवाला आज असं काही आलं की पहिला फोन मला करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला लष्करी माल डिस्पोजलमध्ये विकला गेला, आणि त्यातला काही भंगारात आणि शेडमध्ये फिरत राहिला. तुमचा सप्लायर हाच माणूस आहे. त्याला एकदा फसवाल, मग तो आयुष्यभर दुसऱ्याला फोन करील.

साफ करून ते हेल्मेट गुरुजींकडे नेलं. या वेळी मी एवढंच म्हणालो, "गुरुजी, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं ब्रिटिश पद्धतीचं हेल्मेट आहे, हे मी दाखवू शकतो. ते बर्मात होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही." गुरुजींनी कडेवरून हात फिरवला. साडेतीन हजारांना घेतलं. शोकेसमध्ये त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: "बाबांनी घातलं असेल, तशा प्रकारचं हेल्मेट."

मित्रांनो, या धंद्याचा नियम त्या चिठ्ठीत आहे. वस्तू विकत घ्या, गोष्ट विकत घेऊ नका. आणि विकताना जेवढं सिद्ध करता येतं, तेवढंच विका.

कायदा: तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा

एक, शंभर वर्षांची रेघ. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ प्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुरावस्तू ठरू शकते. पहिल्या महायुद्धाची हेल्मेट आता ती रेघ ओलांडून गेली आहेत. पुरावस्तूंचा व्यापार करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, आणि त्या खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. "फॉरेनला डॉलरमध्ये विकू" असं डोक्यात असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा, मग पार्सल बांधा.

दोन, चोरीचा माल. सध्या सैन्यात किंवा पोलिसांत वापरात असलेलं हेल्मेट कुणी आणून दिलं तर हातही लावू नका. चोरीचा माल माहीत असून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. प्रत्येक खरेदीची पावती करा, विकणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या.

तीन, हेल्मेटच्या बाजूला पडलेल्या वस्तू. संगीन, काडतुसं, बंदुकीचे भाग शस्त्र कायदा १९५९ च्या कक्षेत येतात. आणि गोळे, फ्यूज असलं काही दिसलं तर हलवू नका, पोलिसांना कळवा. आपल्या शेजारी पुलगाव आहे. २०१८ मध्ये तिथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन माणसं गेली, आणि तिथे तर ते काम ठरवून चाललं होतं. आपण दुकानदार आहोत, आपल्याला त्यातलं काही कळत नाही.

सांभाळायचं कसं

घासू नका. पॉलिश पेपर, ब्रासो, ऑइल पेंट काही नको. मूळ रंग गेला की किंमत गेली. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो खरवडून धूळ करू नका, हात धुवा. कोरड्या कापडाने पुसा, उघड्या लोखंडावर मशीन ऑइलचा पातळ हात द्या. कातडी भागाला तेल लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात कातडं तडकतं आणि जुलैत लोखंड गंजतं, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये न ठेवता आतल्या खोलीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

आता हिशोब

नकली चार नग: साडेचार हजार अधिक बारा हजार, एकूण साडेसोळा हजार. गुरुजींचे साडेसात हजार परत केले, त्यांचा नग माझ्याकडे आला. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं, आणि माझ्याकडे बिल नव्हतं. चूक माझीच.

मग त्या चारही नगांवर "नक्कल" लिहिलं आणि शाळांच्या गॅदरिंगला, नाटकवाल्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. एका नगाला दिवसाला अडीचशे रुपये. पहिल्या हंगामात २८ दिवसांचं भाडं मिळालं, म्हणजे सात हजार. अजून साडेनऊ हजार वसूल व्हायचे आहेत. खऱ्या नगाने दीड हजारावर दोन हजार मिळवून दिले, पण त्यामागे आठ महिन्यांचं शिकणं होतं.

यातून तीन धडे:

- हा हळू फिरणारा स्टॉक आहे. दुकानाच्या भांडवलाचा दहावा भागसुद्धा यात अडकवू नका. किराणा किंवा कपड्याच्या जोरावर हे चालवा, याच्या जोरावर घर चालवू नका.
- नक्कल विकणं किंवा भाड्याने देणं हा स्वच्छ धंदा आहे. नक्कल "ओरिजनल" म्हणून विकणं ही फसवणूक आहे. फरक फक्त एका लेबलचा आहे.
- जीएसटीत जुन्या वस्तूंसाठी खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची पद्धत आहे, पण तिला अटी आहेत. तुमच्या सीएला पहिल्या खरेदीच्या आधी भेटा.

या आठवड्याचं काम

पैसे खर्च न करता सुरुवात करा. अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम किंवा बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं संग्रहालय जमेल तेव्हा बघा. खरी लष्करी वस्तू डोळ्यात बसली की नक्कल खटकायला लागते. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातली हेल्मेट मोबाइलवर फुकट बघता येतात, तिथे कड आणि कड्यांचे फोटो झूम करून बघा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात गेलात तर पहिल्या फेरीत काहीही विकत घेऊ नका. चुंबक, वजनकाटा, टॉर्च आणि वही एवढंच न्या. दहा नग तपासा, दहा नोंदी करा. प्रत्येक नोंदीत दोन रकाने ठेवा: "विकणारा काय म्हणाला" आणि "मला काय दिसलं".

दोन्ही रकाने जुळायला लागले की मग पाकीट काढा.

तुमच्या घरात किंवा गावात अशी लोखंडी टोपी घमेलं म्हणून, कोंबड्यांच्या पाण्याची थाळी म्हणून पडली असेल, तर कळवा. कडेखालचा ठसा आणि कड्यांचा फोटो नक्की काढा. पुढच्या व्हिडिओत आपण रेल्वे कंदिलांवरचे ठसे वाचायला शिकू. तोवर खिशात चुंबक ठेवा!